काठाची जाडी

लॅपटॉप खडेबाजारातल्या मुतगेकरांच्या कॅफेतला.
कॅफे बंद झाला तेव्हा त्यांनी बाकं विकली, पंखे विकले,
हा मला दिला अठराशेला. म्हणाले,
"विंडोज ओढायचं नाही आता ह्याला,
शिलाई मशीनगत वाजायलंय बघा."

मी आरएमएसमध्ये सॉर्टर, बेळगाव स्टेशनात.
तीन लिप्यांतले पत्ते वाचून पाकिटं खणांत टाकते.
चिकोडी. हुक्केरी. गोकाक. खानापूर.
हात आधी जातो, डोळे मागून वाचतात.

तीन निरनिराळ्या लिनक्स घालून पाहिल्या.
पहिली फार अदबीची, शिंकलं तरी विचारायची, खात्री आहे का?
दुसरी फाईलला संचिका म्हणायची;
बावीस वर्षांच्या नोकरीत
हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.
तिसरी काहीच बोलली नाही.
काळा पडदा, लुकलुकणारी एक रेघ.
तीच ठेवली.

मग पडद्यावर खण पाडले.
एक खिडकी उघडली की सगळी जागा तिची,
दुसरी आली की निम्मी,
तिसरी आली की निम्म्यातली निम्मी.
एकीवर एक कुणी बसायचं नाही.
हे सगळं एका साध्या फाईलीत लिहायचं असतं;
एक कंस विसरला, तर काहीच उघडत नाही,
आणि अनगोळच्या स्वैपाकघरात पहाटे तीनला
उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी मी बघत उभी.

कल्मेश विचारतो, "अक्का, करता काय पण ह्याच्यावर?"
काही नाही, मी म्हणते.
खरंच काही नाही.
चार एडिटर पारखले दोन वर्षांत.
लिहिला तो एक रजेचा अर्ज,
कुठल्या एडिटरात, तेही आठवत नाही.

कॅप्स लॉकला नवं काम दिलंय:
एकदा दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की कन्नड.
क तिथेच, ल तिथेच,
शिफ्ट धरून दाबला की ळ, दोघींचा एकाच बटणावर.
आमच्या गावाच्या नावातला ळ.
बोटं हलत नाहीत. फक्त अक्षर वळण बदलतं.

वरच्या पट्टीवरची तारीख कस्तुरीसाठी कन्नडमध्ये;
तिला शाळेत कन्नडचा पेपर असतो.
सप्टेंबरभर ठीक चाललं.
ऑक्टोबर लागला, तर क खाली लोंबणारा ट
पट्टीच्या कडेनं कापलेला.
पट्टी चार पिक्सेल उंच केली. मावला.
देवनागरीला वर थोडी रिकामी जागा सुटते आता.
सुटू दे.

त्या फाईलीत एक ओळ आहे: बॉर्डर, पुढे आकडा.
ऑफिसात हा शब्द निघाला
की निम्मे लोक चहाला जातात.
इथे मी एकटीच, आणि आकडा माझ्या हातात.
शून्य केला.
खिडक्या एकमेकींना टेकल्या, एकच वस्त्र झालं,
किती वेळ नुसती बघत बसले.
पण जागी कुठली, झोपलेली कुठली, कळेना.
माझा पासवर्ड, सगळाच्या सगळा,
कस्तुरीच्या निबंधात उमटला,
"ನನ್ನ ಶಾಲೆ" च्या खाली, दुसऱ्या परिच्छेदात.
ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

दोन केला, जाड वाटला.
एक ठेवला.

रंगासाठी ट्रंकेतून खण काढला,
गुळेदगुड्डचा, बहिणीच्या लग्नातला, न शिवलेला.
काठ पडद्याला लावून धरला,
सहा अक्षरी आकडा तीनदा बदलला,
चौथ्यांदा जुळला तसा वाटला.
खिडकीला आता काठ आहे
आणि ज्या खिडकीत मी असते
तिचाच तेवढा उजळतो.

सकाळी ओट्यावर ऊन आलं.
उन्हात खण निराळाच निघाला, जांभळा कमी, विटकरी जास्त.
रात्रभर मी पिवळ्या बल्बखाली जुळवत होते.

लॅपटॉप मिटला.
आज पुन्हा रात्रपाळी. परवा बसेन.